पावसातल्या गिरगावच्या जुन्या कॅसेटमधून पाऊसच पुसला गेला आहे : मदत हवी आहे

नमस्कार. जुन्या व्हिडिओ कॅसेट, ध्वनिमुद्रण आणि मोबाइलवरचे चित्रीकरण यांची माहिती असणाऱ्यांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. विषय घरगुती आहे, पण माझ्यासाठी तातडीचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांनी १९९७ सालच्या जुलैमध्ये, मामाने मस्कतहून आणलेल्या व्हिडिओ-८ (८ मिलिमीटर रुंद टेपच्या) कॅमेऱ्यावर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कॅमेरा धरून गिरगावातून एक फेरी मारली होती. आमच्या चाळीच्या जिन्यावरून ते उतरतात, खोताच्या वाडीच्या बोळातून, लाकडी सज्जांच्या आणि बाहेरून जिने चढणाऱ्या घरांमधून जातात, पुढे जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला लागतात आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावर, काच पूर्ण भिजल्यावर थांबतात. या अकरा मिनिटांत त्यांनी कॅमेरा एकदाही बंद केलेला नाही. चित्र हलते, मध्येच धूसर होते, बराच वेळ नुसती पायाखालची ओली फरशी आणि बाबांच्या चपला दिसतात. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, "एवढ्या पावसात कुठे निघालात?" आणि बाबा म्हणतात, "काही नाही, जरा पाऊस घेऊन येतो." बाबांचा आवाज असलेले आमच्याकडचे हे एकमेव मुद्रण आहे.

आम्ही २०१६ मध्ये डोंबिवलीला राहायला आलो. आई आता ८१ वर्षांची आहे आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाल्यामुळे तिला समोरचे चित्र दिसत नाही, कडेचे थोडेफार जाणवते. म्हणून ही फेरी ती पाहू शकणार नाही, ऐकू शकेल, एवढ्या आशेने मी या वर्षी ती कॅसेट एका दुकानात देऊन तिची डिजिटल प्रत करून घेतली. दुकानदारांनी मनापासून काम केले, हे मला मान्य आहे. त्यांनी हलणारे चित्र स्थिर केले, 'काही घडत नाही' असे वाटलेले तीन भाग कापले आणि 'मागची खरखर' काढून टाकली. प्रत लावल्यावर आई दोन मिनिटे लक्ष देऊन ऐकत होती आणि मग म्हणाली, "ही आपली वाडी नव्हे. पत्रा कुठे आहे?"

तिच्या बोलण्याचा अर्थ मला नंतर कळला. आमच्या जिन्याच्या तोंडाशी नळावर पत्र्याची पडवी होती आणि तिच्यावर पडणारा पाऊस ताशासारखा वाजत असे. पुढे कौलांवरचा पाऊस जवळजवळ ऐकूच येत नसे, पण पागोळ्या शहाबादी फरशीवर टपटपत राहत. एका घराने पागोळीखाली पितळी घागर ठेवलेली असे, ती भरत आली की तिचा आवाज बदलत जाई. आई या आवाजांवरून आपण कुठे पोहोचलो ते सांगू शकते. दुकानाच्या प्रतीत हे सगळे पुसले गेले आहे आणि बाबांचे शब्द पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात. माझ्या वाचनात असे आले की पावसाचा सलग आवाज आणि टेपची खरखर या दोन्हींत खर्जापासून अगदी उंच स्वरापर्यंतचे सगळे ध्वनी मिसळलेले असतात, त्यामुळे खरखर काढणारे सॉफ्टवेअर पाऊसही काढून टाकते. मला ते पटते.

मूळ कॅसेट माझ्याकडे सुखरूप आहे. ती पुन्हा उतरवून घ्यायची, तर दुकानदाराला नेमके काय करू नका आणि काय करा म्हणून सांगावे? चित्र हलते तसेच राहिले तरी चालेल. फेरी अखंड हवी आणि आवाजाला कोणी हात लावलेला नको. टेपची खरखर राहिली तरी माझी तक्रार नाही.

दुसरा प्रश्न पुढच्या पावसाळ्याचा आहे. मला तीच वाट त्याच गतीने, मोबाइल घेऊन, पुन्हा चालायची आहे. मेट्रोच्या भुयारी मार्गाच्या कामासाठी रस्त्यालगतच्या काही जुन्या इमारती गेल्या, २०२५ च्या ऑक्टोबरपासून गिरगाव स्थानक सुरूही झाले, आणि वाडीतली जुनी घरे आणखी किती वर्षे उभी राहतील हे सांगता येत नाही. गेल्या पावसात मी एकदा प्रयत्न केला. थेंब पडद्यावर पडले की फोन त्यांना बोटाचा स्पर्श समजत होता आणि मुद्रण दोनदा आपोआप थांबले. घरी येऊन ऐकले, तर अकरा मिनिटे केवळ माझ्या छत्रीवर वाजणारा पाऊस होता. गल्ली कुठेच नव्हती. यावर काय उपाय करावा?

प्रतिसाद

नमस्कार. आधी कॅसेटबद्दल. ती कोणत्याही यंत्रात घालण्यापूर्वी खिडकीतून उजेडात धरून रिळाची कड पाहा. मुंबईच्या दमटपणात टेपवर बुरशी येते, ती पांढऱ्या तंतूंसारखी किंवा भुकटीसारखी दिसते. तशी दिसली तर कॅसेट लावू नका. बुरशी यंत्राच्या फिरत्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून दुसऱ्या कॅसेटवरही जाते. अशी टेप आधी कोरड्या जागी ठेवून स्वच्छ करावी लागते. तोवर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात उभी ठेवा, फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका.

डिजिटल-८ पद्धतीचे (त्याच आकाराच्या कॅसेटवर डिजिटल मुद्रण करणारे) काही कॅमेरे जुन्या व्हिडिओ-८ कॅसेट वाजवतात आणि फायरवायर नावाच्या केबलने थेट संगणकात उतरवतात. त्यातून तयार होणाऱ्या डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फाइलला तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे तुमच्या अकरा मिनिटांना अडीच जीबीदेखील लागणार नाही. तीच फाइल मूळ म्हणून मागून घ्या आणि स्थिर करणे, कापणे, आवाज साफ करणे यांतले काहीही करू नका असे कागदावर लिहून द्या. आपल्याकडच्या पॅल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रे असतात. त्यांची २५ पूर्ण चित्रे केली की चाल तुटक दिसते. पाहण्याची प्रत करताना सेकंदाला ५० चित्रे ठेवायला सांगा, म्हणजे बाबांची पावले होती तशी पडतील. आणखी एक गोष्ट त्या दुकानात आजच विचारा: साफ करण्यापूर्वीची उतरवलेली फाइल त्यांच्या संगणकात अजून असेल, तर कॅसेटला हात न लावताच तुमचे काम होईल.

नव्या फेरीसाठी आवाज आणि चित्र वेगळे घ्या. छोटा रेकॉर्डर, नसल्यास दुसरा फोन, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलवर लावा. आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची सोय आणि खरखर कमी करण्याची सोय दोन्ही बंद करा. माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी हवीच. छत्रीचा आवाज मारण्यासाठी तिच्यावर जुना टर्किश टॉवेल पसरून कडेला टाचा. थेंब कापडात मुरतो, ताडताड वाजत नाही. रेनकोट घालू नका, तो चालताना सळसळतो. चित्र सुरू केल्यावर फोन प्लास्टिकच्या पिशवीत असा ठेवा की फक्त कॅमेऱ्याची काच बाहेर राहील आणि पडद्याला थेंब लागणार नाहीत. बोळात दिवे लागले असतील तर शटर (प्रत्येक चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ) सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे लुकलुकणार नाहीत. आणि वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर सुरुवात करू नका, थंड काचेवर बाष्प धरते.

धागालेखिका

मनापासून आभार. दुकानात विचारले; मूळ फाइल त्यांनी महिन्याभरातच काढून टाकली होती. कॅसेट खिडकीपाशी धरून पाहिली, तर उजव्या रिळाच्या कडेला नखाएवढ्या जागेत पांढरे तंतू दिसत आहेत. ते आधीपासून होते की त्या दुकानात आले, हे मला सांगता येणार नाही. ती आता डब्यात ठेवली आहे आणि कुणालाही वाजवू देणार नाही.

म्हणून आता एकच विचारते. मुंबई, ठाणे किंवा पुण्यात बुरशी लागलेली ८ मिलिमीटरची कॅसेट हाताने स्वच्छ करून देणारे कोणी आपल्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. कुरिअरने पाठवण्याची माझी तयारी नाही. मी स्वतः घेऊन येईन आणि काम होईपर्यंत तिथे बसेन. टॉवेलचा प्रयोग काल आमच्या गच्चीवर नळीने पाणी सोडून केला. आई खाली खोलीत बसून रेकॉर्डरवर ते ऐकत होती. छत्री ऐकू येत नाही असे ती म्हणाली, आणि गच्चीच्या पन्हळीतून पाणी कुठे पडते आहे ते तिने बरोबर सांगितले.