पहिल्या बाळंतपणाचा खर्च माहेरानेच का करायचा?

प्रश्न : धनकवडीचा बाप

माझी मुलगी व जावई वाकडला राहतात. मुलीला सातवा महिना संपत आला आहे. गेल्या रविवारी डोहाळजेवण झाले आणि पंगत उठल्यावर विहीणबाई अगदी गोड शब्दांत म्हणाल्या, "पहिले बाळंतपण माहेरचे असते, तेव्हा रुग्णालयही तुम्हीच तुमच्या सोयीने बघा." 'सोय' या शब्दाचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. घराजवळच्या एका खासगी प्रसूतिगृहात चौकशी केली, तेव्हा खिडकीतल्या मुलीने छापील कागद हातात दिला : साधी प्रसूती ६५ हजार, सिझेरियन १ लाख १० हजार, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागल्यास दर दिवसाचे वेगळे. तो कागद चार घड्या घालून मी बँकेच्या पासबुकात ठेवला आहे. मी जिल्हा परिषदेतून लिपिक म्हणून निवृत्त झालो. पासबुकात त्या कागदाला जागा होती, पण त्यावरच्या आकड्यांना फारशी नाही.

मुलगी चौदा माणसांच्या एका खासगी कचेरीत दरमहा २८ हजारांवर हिशेबाचे काम पाहते. मालक म्हणतात की तीन महिने रजा घ्या, मात्र ती बिनपगारी असेल. लेकीचे बाळंतपण करण्याला माझी ना नाही. तरीही विचारावेसे वाटते की मूल दोन घरांचे, आईचे श्रम कचेरीचे आणि उद्याचा नागरिक सरकारचा असताना, हा खर्च रीतीप्रमाणे एकट्या मुलीच्या बापाकडेच का येतो? तो नेमका कोणी उचलायला हवा?

उत्तर १ : कामगार कायद्याचा जुना कारकून

काका, रीतीचा प्रश्न इतरांवर सोडतो आणि मालकाचा आधी घेतो, कारण तिथे मतभेदाला वावच नाही. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला मातृत्व लाभाची तरतूद लागू होते आणि तुमच्या मुलीच्या कचेरीत चौदा जण आहेत. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, तीही पगारी; त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. नोव्हेंबर २०२५ पासून हाच हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. अट एवढीच की अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत तिने तिथे किमान ८० दिवस काम केलेले असावे. तिच्या पगाराने हिशेब केला तर ही रक्कम सुमारे १ लाख ६८ हजार होते. 'बिनपगारी तीन महिने' ही मालकांची उदारता नव्हे, तो कायद्याचा भंग आहे.

मुलीने रजेची लेखी नोटीस द्यावी, तारीख घालावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोलण्यावर राहू नये. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायची असते आणि उरलेली प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांच्या आत. या रजेच्या काळात नोकरीवरून काढताही येत नाही. मालक प्रसूतीची वैद्यकीय सोय स्वतः विनामूल्य करत नसतील तर वर ३५०० रुपये वैद्यकीय बोनस द्यावा लागतो. हा आकडा २०११ पासून जागचा हललेला नाही; तुमच्या पासबुकातल्या कागदाशेजारी तो ठेवून पाहिला तर हसू येते.

उत्तर २ : नारायण पेठेतला मुद्रक

वरील गृहस्थांनी सांगितलेला कायदा बरोबर आहे आणि मी तो पाळलेला आहे, म्हणूनच दुसरी बाजू लिहितो. माझ्या छापखान्यात अकरा माणसे आहेत. अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना मी २६ आठवड्यांचा पूर्ण पगार दिला आणि त्याच काळात त्यांच्या जागी दुसऱ्या माणसालाही पगार दिला. दिवाळी अंकांचा हंगाम नेमका त्यातच आला. पैसे दिल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण एक गोष्ट कबूल करतो, आणि ती भूषणावह नाही : त्यानंतर जागा रिकामी झाली तेव्हा आलेल्या अर्जांतून मी मुलगा निवडला. मनात काय होते ते मला ठाऊक आहे.

माझे म्हणणे असे की, मोठ्या कंपनीला जो खर्च जाणवतही नाही तो अकरा माणसांच्या धंद्यावर एकदम कोसळतो आणि त्याची किंमत शेवटी नोकरी शोधणाऱ्या पुढच्या तरुण बाईला मोजावी लागते. राज्य कामगार विमा योजनेत असे होत नाही. तिथे मालक पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का सतत भरत असतात आणि २६ आठवड्यांचे वेतन त्या सामाईक निधीतून जाते, त्यामुळे कामावर बाई आहे की पुरुष याने मालकाच्या खिशाला काहीच फरक पडत नाही. पण तिची वेतनमर्यादा २०१७ पासून २१ हजारांवर आहे. तुमची मुलगी २८ हजार मिळवते, म्हणून ती त्या छत्रीबाहेर आणि तिचा मालक एकटा पावसात.

हा वाद आजचा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मान्य केले होते की हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा, कारण लोककल्याण हे मुळात सरकारचे काम आहे. त्याच वेळी, स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मजुरीवर राबवून मालक फायदा मिळवतो, म्हणून त्याच्यावरही भार टाकणे न्याय्यच आहे, असेही त्यांनी बजावले होते. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. मालकावरचा भार तेवढा राहिला. सरकारच्या वाट्याचे मात्र शंभर वर्षे होत आली तरी भिजत घोंगडे आहे.

उत्तर ३ : सदाशिव पेठेची आजी

माझ्या वडिलांनी आम्हा तिघी बहिणींची बाळंतपणे केली आणि कोणाकडे हिशेब मागितला नाही. लेकीच्या बाळंतपणात कोणी पैसे मोजते का?

उत्तर ४ : निवृत्त परिचारिका

आजी, तुमच्या वडिलांनी केले त्याबद्दल आदर आहे, पण त्या काळी बाळंतपण म्हणजे काय होते ते आठवून पाहा. अंगाला तेल लावणारी बाई, शेकशेगडी, तूप, डिंकाचे लाडू आणि मुख्य म्हणजे सव्वा महिना कोणी 'चहा टाक' म्हणणार नाही अशी खोली. सासरी विसावा मिळत नसे म्हणून लेकीला माहेरी आणत. रीत विसाव्याची होती. भूलतज्ज्ञाचे बिल तिला नंतर चिकटले.

मी महापालिकेच्या रुग्णालयात प्रसूतिकक्षात नोकरी केली, म्हणून काकांना सांगते की सरकारचा वाटा अगदीच शून्य नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात साधी प्रसूती असो वा सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी पोचवणारी गाडी हे सारे विनामूल्य मिळते. मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय आणि ससून हे पुण्यातले मोठे आधार आहेत. तिथे गर्दी असते, नातेवाइकांना जिन्यात बसावे लागते आणि घाईच्या पाळीत आमच्या तोंडचे शब्दही कधी कधी कडू झालेले आहेत, हे मी नाकारत नाही. मध्यमवर्ग पाठ फिरवतो तो वैद्यकीय कारणापेक्षा याच कारणाने. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगी संस्थांमधल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाल्या होत्या, सरकारी संस्थांमधल्या १४.३ टक्के. अवघड बाळंतपणे तर आमच्याकडेच पाठवली जात, तरीही हा फरक. खासगी ठिकाणीच जायचे असेल तर छापील कागदावर थांबू नका. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, नवजात अतिदक्षता कक्ष आणि खोलीचे भाडे यांचा अंदाज लेखी मागा.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५ हजार रुपये मिळतात. पात्रतेच्या अटी अंगणवाडी सेविकेकडून समजून घ्याव्यात. मालकाकडून पगारी रजा मिळाली तर या रकमेवर बहुधा पाणी सोडावे लागेल, आणि ते सोडण्यासारखेच आहे.

उत्तर ५ : हडपसरचा जावई

एक साधी गोष्ट कोणीच विचारलेली नाही. जावईबापूंच्या कंपनीची सामूहिक आरोग्य विमा योजना आहे का? अशा योजनेत पत्नी बहुधा असते आणि प्रसूतीसाठी ठरावीक मर्यादाही असते. आमच्या वेळी ती ५० हजार होती आणि बिल १ लाख २४ हजार झाले. वरचे ७४ हजार आम्ही दोघांनी आमच्या खात्यातून भरले. 'माहेरच्यांनी सोयीने बघावे' म्हणून तुम्ही विमा कंपनीच्या यादीबाहेरचे प्रसूतिगृह निवडले, तर आधी सगळे पैसे तुम्ही भरणार, मग परताव्यासाठी कागद गोळा करणार, आणि त्यातले काही नाकारलेही जाणार. स्वतंत्र पॉलिसी आता घेऊन उपयोग नाही, कारण प्रसूतीसाठी तिचा प्रतीक्षा काळ महिन्यांचा किंवा वर्षांचा असतो.

माझ्या सासूबाई दोन महिने आमच्याकडे येऊन राहिल्या. पहाटे बाळाला घेऊन त्या फेऱ्या मारत आणि आम्हाला झोपू देत. त्याचा दर कोणत्याही छापील कागदावर नव्हता.

प्रश्नकर्ता : धनकवडीचा बाप

सर्वांचे आभार. काल जावयांना फोन केला. त्यांच्या योजनेत प्रसूतीसाठी ६० हजारांची मर्यादा आहे. "तुम्ही विचारले नाही, म्हणून मी बोललो नाही," असे म्हणाले. संकोच दोन्हीकडे होता म्हणायचा. यादीतले वाकडचेच एक रुग्णालय ठरवत आहोत आणि वरची रक्कम ते दोघे भरणार आहेत. विहीणबाईंना ही गोष्ट त्यांच्या मुलाने सांगायची, असे ठरले आहे. मुलीने आज रजेची नोटीस देऊन पोच घेतली. मालकांनी ती दोनदा वाचली आणि वकिलांशी बोलतो म्हणाले. मुद्रक महाशयांचे उत्तर वाचल्यामुळे मला मालकांचा राग येण्याऐवजी थोडी काळजीच वाटली.

हिच्या सांगण्यावरून रविवार पेठेतून डिंक, खारीक आणि अळीव आणले आहेत. त्याचे पैसे मात्र मी कोणालाही वाटून देणार नाही.