माळा रिकामा करायचाय, सुरुवात कुठून करावी?

मोगरा_पुणे:
टू बीएचके फ्लॅटमध्ये दोन माळे आहेत, प्रत्येकी सात फूट लांब आणि दोन फूट खोल. त्यात पितळी भांडी, रेशमी साड्यांची ट्रंक, फायली, बंद पडलेला मिक्सर, जुना डबा टीव्ही आणि रिकामी खोकी आहेत. दिवाळीच्या आत आवरायचंय. "लागेल कधीतरी" आणि "देऊन टाका" असे घरात दोन पक्ष आहेत. काय क्रमाने करावं?

चौकट:
"लागेल का" हा वाद मिटत नाही. त्याऐवजी "हे माळ्यावर टिकेल का" असं विचारा, बरीचशी निवड तिथेच उरकते. छतालगत उन्हाळ्यात ताप, पावसाळ्यात दमटपणा आणि बारा महिने अंधार. कागद, रेशीम, रबर, सेल, औषधं, स्प्रेचे डबे यांची ती जागाच नव्हे. धातू, काच, चिनी माती खुशाल ठेवा.

माळ्याला हात लावण्याआधी खालचं एक कपाट रिकामं करा. नाहीतर काढलेलं सामान पलंगावर साचतं आणि रात्री झोपायची वेळ झाली की जसंच्या तसं परत वर जातं. एका दिवशी एकच माळा, शिडीवर एक आणि खाली एक माणूस.

पुठ्ठ्याची खोकी सगळी काढा. झुरळं त्यांच्या घड्यांत अंडी घालतात आणि वाळवीला ते खाद्यच. भिंतीवर मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर नुसत्या झाडून टाकू नका, वाळवी आत तशीच राहते. आधी पेस्ट कंट्रोल, मग सामान.

नवे डबे निवड झाल्यावरच आणा. झाकणाचे, वीस इंच खोल, एकाच रांगेत बसतील असे. मागे दुसरी रांग लावली की ती विसरलीच म्हणून समजा. भरलेला डबा सात-आठ किलोंच्या वर नको, शिडीवरून उतरवता येत नाही. भिंतीपासून दोन बोटं जागा सोडा. नाव झाकणावर नको, समोरच्या बाजूला लिहा, खालून तेवढीच दिसते.

टीव्ही भंगारात फोडायला देऊ नका, काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या.

पदर:
साड्यांची ट्रंक आधी खाली आणा. ऑक्टोबरची कोरडी हवा यासाठी उत्तम. सावलीत, पंख्याखाली दोन-तीन तास पसरा. थेट उन्हात रंग उडतो.

प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, रेशीम पहिल्यांदा घडीच्या रेषेवरच फाटतं. जरीवर अत्तर नको. खळ असलेली सुती साडी खळ काढूनच ठेवा, कसरीला खळ आवडते.

डांबर गोळ्या कापडाला टेकू देऊ नका, डाग पडतात. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत तर त्या मुळीच नकोत. जी-६-पी-डी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला त्या वाफेने रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. वेखंड किंवा लवंगेची पुरचुंडी ठेवा, पण तिच्या भरवशावर साड्या तपासायचं सोडू नका.

दप्तर:
फायलींबद्दल. घराचा करारनामा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कायमचं ठेवा. फ्लॅट दुसऱ्याकडून घेतला असेल तर आधीच्या मालकांचे करारही. कर्ज देताना बँक ती सगळी साखळी मागते. "आपलं नाव नाही" म्हणून हेच कागद रद्दीत जातात.

प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि पुरावे आठ वर्षं ठेवले म्हणजे सर्वसाधारण घराला पुरे. मात्र घर, शेअर, सोनं यांच्या खरेदीचे कागद विकेपर्यंत हवेतच. घरात वाढीव बांधकाम किंवा मोठी सुधारणा केली असेल तर ती बिलंही, भांडवली नफा काढताना तो खर्च धरता येतो. विजेची बिलं वर्षभराची पुरेत.

करारनामा लॅमिनेट करू नका, मूळ कागद आणि शिक्के तपासणं अवघड होतं. दुकानाच्या गुळगुळीत पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तर लवकरच. वॉरंटीचं बिल आलं की झेरॉक्स काढा.

मोगरा_पुणे:
फार उपयोगी. पितळेचं काय? कल्हई उडालेली दोन पातेली आहेत.

चौकट:
वापरायची असतील तर आधी कल्हई करून घ्या, तोवर त्यांत आमटी, ताक काही नको, कळकतं. नुसती ठेवायची असतील तर चिंच-मिठाने घासून भरपूर पाण्याने धुवा. आंबट राहिलं की हिरवे डाग येतात. पूर्ण वाळल्यावर कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि पातेली एकात एक घालताना मध्ये कापड ठेवा. मोडीत द्यायची तर दोन ठिकाणी पितळेचा भाव विचारा आणि वजन घरीच करून ठेवा.