थायरॉइडची गोळी जनऔषधीतून घ्यावी का? मतं मांडा

रंकाळाकाठ
राजारामपुरीत काय, शाहूपुरीत काय, लेव्होथायरॉक्सिनच्या (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) नावाजलेल्या ब्रँडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी साधारण दीड-दोन रुपयांना पडते. जनऔषधी केंद्रात तेच औषध त्याहून स्वस्त मिळतं. तरीही ‘थायरॉइडची गोळी बदलायची नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मला ते पटत नाही. जनऔषधीचा माल एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो. डॉक्टरांना सांगून एकदाच बदला, मायक्रोग्रॅमचा आकडा तोच ठेवा आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, औषध कमी पडलं की हा आकडा वाढतो) करा. आकडा जागेवर असला की पुढे तीच गोळी चालू ठेवा. जन्मभराचं औषध आहे, पैसे वाचतात ते वाचवावेत.

लक्ष्मीपुरी केमिस्ट
‘तीच गोळी’ म्हणताय, अडतं तिथंच. सरकारी पुरवठ्यात कंपनी निविदेनुसार बदलते. पाकिटावरचं नाव तेच राहतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात उत्पादक मात्र दुसरा असतो, आणि ते कोणी वाचत नाही. या औषधाचा डोस १२.५ मायक्रोग्रॅमच्या पायऱ्यांनी ठरतो. १०० च्या गोळीत औषध दहा टक्क्यांनी कमी भरलं तर जवळजवळ एक पायरी गेलीच. त्यात दर दोन महिन्यांनी उत्पादक बदलत राहिला तर टीएसएच कशामुळे हलला ते डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. महिन्याला वीस-तीस रुपये वाचवायला हा घोळ कशाला?

रंकाळाकाठ
अमेरिकेत २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पंधरा हजारांहून अधिक रुग्ण होते. एका जेनेरिक कंपनीवरून दुसरीवर गेलेले आणि न गेलेले यांच्या टीएसएचमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. मग एवढी भीती का घालायची?

लक्ष्मीपुरी केमिस्ट
अभ्यास मान्य आहे. पण तिथल्या नियमाप्रमाणे मुदत संपेपर्यंत गोळीत ९५ ते १०५ टक्के औषध असावंच लागतं. तिथला निष्कर्ष इथल्या प्रत्येक गोळीला लावता येणार नाही. शिवाय गरोदर बाई आणि थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला माणूस, यांच्या बाबतीत तरी प्रयोग नकोच. गरोदरपणात डोस बहुधा २५-३० टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच बघावा लागतो.

गारगोटी रोड
तुम्ही दोघं कंपनीवरून भांडताय, पण औषध वाया जातं ते पुडीत. ‘महिन्यापुरत्या द्या’ म्हटलं की डबीतल्या तीस गोळ्या मोजून कागदी पुडीत येतात. त्यावर ना बॅच, ना मुदत, ना कंपनी. हे औषध उजेड, ऊब आणि ओल यांनी खराब होतं. राधानगरी-गगनबावड्याच्या पावसाळ्यात ती पुडी चुलीवरच्या फळीवर ठेवली की कागद मऊ पडतो, गोळीच्या कडा झडतात, तळाशी पांढरी पूड दिसते. मग टीएसएच वाढतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. दोन महिन्यांनी चांगली डबी आणली की तोच डोस जास्त होतो, छातीत धडधड सुरू. परवडत नसेल तर दोघींनी मिळून डबी घेऊन वाटून घेऊ नका, जनऔषधीचं बंद पाकीट घ्या. डबी घेतलीत तर आतली ओल शोषणारी पुडी काढू नका आणि झाकण घट्ट लावा.

शाहूपुरी ४थी गल्ली
ऑनलाइन ‘नैसर्गिक थायरॉइड’ म्हणून कॅप्सूल मिळतात, प्रिस्क्रिप्शनही लागत नाही. त्या कशा?

लक्ष्मीपुरी केमिस्ट
अजिबात घेऊ नका. प्राण्यांच्या ग्रंथीची पूड असेल तर त्यात टी३ (थायरॉइडचं दुसरं, जास्त जोरकस संप्रेरक) सुद्धा असतं, आणि किती ते लेबलवरून भरवशाने कळत नाही. वयस्कर माणसाच्या हृदयाला ते झेपत नाही. लेव्होथायरॉक्सिन डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे. प्रिस्क्रिप्शन न मागणाऱ्या विक्रेत्याने माल कुठून उचलला हे कोण सांगणार?

ताराबाई पार्क
गोळी आधीच स्वस्त आहे, खिसा रिकामा होतो लॅबमध्ये. डोस बसलेल्या माणसाला दर वेळी अख्खं प्रोफाइल (टी३, टी४ आणि टीएसएच) लागत नाही, बहुतेकांना नुसतं टीएसएच पुरतं. डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर तेवढंच लिहून घ्या. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो. आणि गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने, लोह-कॅल्शियम चार तासांनी. चहाबरोबर घेतलेली महागडी गोळीही नीट लागू पडत नाही.

रंकाळाकाठ
हे सगळं पटलं. उत्पादकाचं नाव आणि बॅच दर खरेदीला वाचायची, हेही मान्य. पण केंद्रात नेहमीच्या कंपनीचा माल नसला तर काय करायचं?

लक्ष्मीपुरी केमिस्ट
घाईने मिळेल ते उचलू नका. हे औषध शरीरातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. एक-दोन दिवस गोळी चुकली तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. गरोदर बाईने मात्र थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. बाकीच्यांनी दहा गोळ्या उरल्या की जनऔषधी सुगम ॲपवर जवळची केंद्रं शोधून फोन लावायला सुरुवात करावी. तरीही कंपनी बदलावीच लागली तर ती तारीख चिठ्ठीवर लिहून ठेवा. तिथून सहा आठवडे मोजा आणि मग टीएसएच करा.