डाग जातायत म्हणून डायनोजेस्ट लगेच सोडू नका

एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी सुरू करून दीड महिना झाला, रोज थोडे डाग जातात, मग गोळी सोडू का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून सोडू नका. पहिले तीन-चार महिने असं होतंच: गर्भाशयाचं अस्तर पातळ होत जातं आणि मधेमधे थोडंथोडं सुटतं. २ मिग्रॅची गोळी रोज ठरलेल्या वेळी, पाळीसाठी खंड न पाडता घ्यायची. वेळ चुकत राहिली की डाग वाढतात. गोळीनंतर तीन-चार तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. मात्र रक्तस्राव जोरात झाला किंवा मन फार खचायला लागलं, तर डॉक्टरांना लगेच कळवा. आणि हो, ही गर्भनिरोधक गोळी म्हणून धरून चालू नका.

वेदनाशामकाबद्दल: बहुतेकजणी कळ असह्य झाल्यावर गोळी घेतात, तिथेच चुकतं. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे कळा आणणारं शरीरातलं रसायन, तयार होणं रोखतात. आधीच तयार झालेलं काढून टाकत नाहीत. म्हणून पाळीच्या आदल्या दिवशीपासून, जेवणानंतर, नेमून दिलेल्या अंतराने. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नको.

याच चर्चेत कुणीतरी 'ऑपरेशन केलं की सुटलो' असं लिहिलंय. तसं नसतं. एंडोमेट्रिओसिसमुळे बीजांडकोशात झालेली गाठ काढल्यावर हार्मोनच्या गोळ्या चालू ठेवल्या नाहीत तर ती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. मूल लवकर हवं असेल तर मात्र गणित वेगळं, कारण या गोळ्या चालू असताना सहसा बीज तयार होत नाही आणि त्यांनी नंतरची गर्भधारणेची शक्यताही वाढत नाही.