हेडरचे गॅस्केट: तांबे, ग्रॅफाइट की बहुस्तरीय पोलाद?

कोथरूडकर (धागाकर्ता)

हेडर, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, बनवून घेताना पाइपचा व्यास किती असावा आणि चार-एक घ्यावे (चारही नळ्या थेट एकीत) की चार-दोन-एक (आधी दोनांत, मग एकीत), यावर आपल्याकडे तासन्‌तास खल होतो. जोडातली गळती रोखणारे पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, मात्र नाना पेठेतला दुकानदार हातावर ठेवील तेच घरी येते. माझे मत स्पष्ट आहे. कंपनीचे मॅनिफोल्ड (मूळचा ओतीव एक्झॉस्ट जोड) काढून बाहेर घडवलेले हेडर लावायचे असेल, तर ग्रॅफाइटचे कॉम्पोझिट गॅस्केट वापरू नये, तांब्याच्या अखंड पत्र्याचे वापरावे. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि ग्रॅफाइट हवेच्या संपर्कात साधारण ४५० अंशांच्या पुढे जळू लागते. त्यामुळे पोर्टच्या (वायू बाहेर पडण्याच्या छिद्राच्या) कडेला एकदा बारीकशी फट पडली, की ती गॅस्केटला आतून खात जाते. तांबे असे जळून जात नाही. शिवाय हेडर उतरवावे लागले, तर तेच गॅस्केट ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करता येते आणि पुन्हा बसवता येते.

भोसरीकर

आपण सांगितलेले तापमान वायूचे आहे, गॅस्केटचे नव्हे. हेडमधून (सिलिंडरांवरच्या झाकणातून) पाणी खेळत असते, म्हणून फ्लँजला (हेडरच्या हेडवर बसणाऱ्या पट्टीला) चिकटलेला गॅस्केटचा भाग त्याहून पुष्कळ थंड राहतो; गरम होते ती पोर्टच्या तोंडाची कडा. खरा दोष बहुतेक वेळा फ्लँजमध्ये असतो. पातळ पट्टीवर चार नळ्या वेल्ड केल्या की ती पट्टी धनुष्यासारखी वाकते, आणि मग तांबे लावा नाहीतर ग्रॅफाइट, टोकाच्या सिलिंडरांपाशी गळतीची टिकटिक ऐकू येणारच.

माझ्या मते फ्लँज निदान ८ ते १० मिलिमीटर जाड घ्यावी, वेल्डिंग संपल्यावर सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावे, स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून सपाटपणा पाहावा आणि मगच स्टेनलेसच्या बहुस्तरीय गॅस्केटचा विचार करावा. त्याच्या थरांवर उठवलेल्या कडा स्प्रिंगसारख्या दबतात आणि सैल पडताच परत उठतात. तांब्यात ही लवचीकता जवळजवळ नसते. ते एकदा दबले की दबलेलेच राहते, म्हणून नट पुन्हा पुन्हा आवळावे लागतात.

आणखी एक मुद्दा प्रसरणाचा. ३५० मिलिमीटर लांबीची साध्या पोलादाची फ्लँज ३०० अंशांनी तापली, तर सुमारे सव्वा मिलिमीटर वाढते. ३०४ स्टेनलेसची असेल, तर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. ॲल्युमिनियमचे हेड मूळचे जास्त प्रसरणशील असले, तरी पाण्यामुळे थंड राहत असल्याने तेवढ्याच लांबीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच वाढते. म्हणजे दर वेळी इंजिन तापताना फ्लँज हेडवर सरकते. बहुस्तरीय गॅस्केट हे सरकणे सहन करते, मऊ ग्रॅफाइटचा पृष्ठभाग मात्र त्यात ओरबाडला जातो. यासाठीच टोकाकडची छिद्रे थोडी मोठी ठेवावी लागतात, जे आपल्याकडचे फॅब्रिकेटर सहसा करत नाहीत.

टॅपेट

भोसरीकरांचे सगळे म्हणणे मान्य, परंतु ते शर्यतीच्या गाडीला शोभणारे आहे. रोज हडपसर ते हिंजवडी करणाऱ्या माणसाचे हेड पंधरा-वीस वर्षांचे असते आणि त्या पृष्ठभागावर जुन्या पॅकिंगच्या खरवडण्याचे ओरखडे असतात. बहुस्तरीय गॅस्केटला गुळगुळीत, सपाट पृष्ठभाग लागतो. अशा हेडवर ते पहिल्याच दिवशी गळेल. हेड उतरवून मशीनवर न्यायचे नसेल, तर छिद्रित पोलादी पत्र्यावर ग्रॅफाइट चढवलेले चांगल्या प्रतीचे कॉम्पोझिटच घ्यावे, कारण खाचखळगे भरून काढण्याचे काम तेच करते.

तांब्याबद्दल कोथरूडकरांनी एक गोष्ट सांगितलीच नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि मध्ये ओल साचली, की गंजते ते ॲल्युमिनियम. आपल्याकडचा पावसाळा आणि इंजिन नीट तापू न देणाऱ्या छोट्या फेऱ्या लक्षात घेता, हेडचा पृष्ठभाग पणाला लावून गॅस्केटचे पैसे वाचवण्यात मला शहाणपणा दिसत नाही. (गॅस्केटऐवजी नुसता सिलिकॉन सीलंट फासणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.)

कोथरूडकर

गंजाचा आक्षेप रास्त आहे आणि ॲल्युमिनियम हेडच्या रोजच्या गाडीपुरता मी तो स्वीकारतो. बिडाच्या हेडवर आणि वारंवार उतरवल्या जाणाऱ्या ट्रॅकच्या गाडीवर मात्र माझे मत कायम आहे. नट पुन्हा आवळावे लागतात हा तक्रारीचा विषय कसा, हे मला समजत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मधून टोकांकडे क्रमाने टॉर्क रेंच फिरवायला कितीसा वेळ लागतो?

भोसरीकर

वेळ लागत नाही, पण पुण्यात ते किती जण करतात? गळती पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर वायूच्या दोन स्पंदनांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) भासते आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) पेट्रोल वाढवत राहतो. मालक मात्र इंजेक्टर साफ करून घेतो, मग प्लग बदलतो, मग ट्यूनरशी भांडतो. म्हणून ज्याला विसरायची सवय आहे, त्याने फ्लँज ग्राइंड करून घ्यावी आणि बहुस्तरीय गॅस्केटच लावावे. टॅपेट यांनी सांगितलेल्या ओरखड्यांच्या हेडसाठी मी ग्रॅफाइट मान्य करतो, मात्र एका अटीवर: गॅस्केटचे छिद्र पोर्टपेक्षा सर्व बाजूंनी थोडे मोठे असावे. कडा वायूच्या प्रवाहात डोकावली की ती आधी जळते, आणि दुकानात मिळणारे तयार गॅस्केट पोर्ट वाढवलेल्या हेडवर नेमके तसेच डोकावते.

टॅपेट

अट मान्य आहे. खरेदीआधी गॅस्केट हेडवर धरून पाहू द्यायला दुकानदार तयार नसेल, तर पोर्टचा कागदी ठसा सोबत न्यावा.