सीडीसी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, पण डीएसए (दात्याविरुद्धची अँटिबॉडी) नाही?

प्रश्न: किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णाचा सीडीसी (रुग्णाच्या सीरममुळे दात्याच्या पेशी मरतात का, हे बघणारी चाचणी) टी आणि बी पेशी दोन्हींत पॉझिटिव्ह. सिंगल अँटिजेन बीडमध्ये (एकेका एचएलए अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी शोधणारी चाचणी) मात्र दात्याविरुद्ध काहीच नाही. कुठे बघावं?

उत्तर १: सीरमला डीटीटी, म्हणजे आयजीएम मोडणारं रसायन, लावा (5 मिलिमोलर, 37 अंशांवर 30 मिनिटं) आणि पुन्हा चालवा. निगेटिव्ह झालं तर आयजीएम प्रकारची अँटिबॉडी, बहुतेक ऑटोअँटिबॉडी (स्वतःच्याच पेशींविरुद्धची). बीड चाचणी फक्त आयजीजी प्रकार पकडते. सोबत ऑटो क्रॉसमॅच (रुग्णाचं सीरम त्याच्याच पेशींवर) हवाच. आणि हो, डीटीटीइतकंच बफर घातलेला कंट्रोल ठेवा, नाहीतर नुसत्या पातळ होण्यानेही निगेटिव्ह येतं.

उत्तर २: त्याआधी निगेटिव्ह कंट्रोल (अँटिबॉडी नसलेलं सीरम) बघा. तिथेच पेशी मेलेल्या असतील तर दात्याचा नमुना शिळा. निकाल धरूच नका.

उत्तर ३: फक्त बी पॉझिटिव्ह असता तर आधी रिटक्सिमॅबचं (बी पेशींवरचं अँटिबॉडी औषध) विचारलं असतं. ते आयजीजी, डीटीटीने जात नाही.