क्षती आणि अपंगत्व : तपासणीतला आकडा आणि प्रत्यक्ष जगणे यांत इतके अंतर का पडते?

शोधयात्री

माझ्या वडिलांना काही महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. तपासणीच्या कागदावर आता डाव्या पायाच्या स्नायूंची ताकद ५ पैकी ४ अशी नोंद आहे आणि सुधारणा चांगली असल्याचे डॉक्टर सांगतात. प्रत्यक्षात मात्र चालताना त्यांचा चवडा उंबरठ्याला अडतो, आणि एकट्याने रस्ता ओलांडणे त्यांनी सोडूनच दिले आहे. याउलट आमच्या परिचयातील एका गृहस्थांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तरी ते कृत्रिम पाय लावून पूर्णवेळ नोकरी करतात. पाय शाबूत असलेला माणूस घरात अडकतो आणि पाय गमावलेला कामावर जातो, हे वैद्यकशास्त्र कसे समजावून सांगते? शिवाय प्रमाणपत्रावर जी टक्केवारी लिहितात, ती नेमकी कशाची असते?

पुनर्वसनवैद्य

शरीराच्या रचनेत किंवा कार्यात जी उणीव निर्माण होते ती क्षती, म्हणजे इम्पेअरमेंट. त्या उणिवेमुळे माणसाच्या हालचाली, कामे आणि समाजातला वावर यांवर जी मर्यादा येते, तिचा विचार अपंगत्वात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८० सालच्या वर्गीकरणात आजारातून क्षती, क्षतीतून असमर्थता आणि त्यातून सामाजिक अडचण, अशी एकामागून एक साखळी मांडलेली होती. ती सरळ रेषा अपुरी ठरली, आणि २००१ साली स्वीकारलेल्या आयसीएफ या वर्गीकरणात शरीरकार्य, कृती आणि सहभाग हे स्तर परस्परांवर परिणाम करणारे मानले गेले. परिसर आणि व्यक्तीची स्वतःची परिस्थिती यांनाही त्यात जागा मिळाली.

आता आपल्या वडिलांच्या ‘५ पैकी ४’ कडे पाहू. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल करून तपासणाऱ्याच्या हाताचा काही प्रतिकार पेलता आला, की ही श्रेणी मिळते. बऱ्यापैकी अशक्त स्नायूपासून जवळजवळ पूर्ववत झालेल्या स्नायूपर्यंत सगळे याच एका आकड्यात बसतात. शिवाय ही तपासणी बहुधा झोपवून किंवा बसवून, एकेका स्नायूची आणि सावकाश होते. चालताना मात्र पाऊल जमिनीवरून सुटल्यावर क्षणार्धात चवडा वर उचलावा लागतो, आणि त्याच वेळी पोटरीचा स्नायू ढिला पडावा लागतो. पक्षाघातानंतर पोटरीत ताठरपणा असेल, किंवा पाऊल नेमके कुठे आहे याची जाणीव मंदावली असेल, तर ताकद असूनही चवडा वेळेवर उठत नाही. ताकदीच्या त्या आकड्यात यातले काहीच मोजलेले नसते, म्हणून अहवाल खरा असूनही अपुरा राहतो.

परिचितांच्या बाबतीत क्षती डोळ्यांना मोठी दिसते, पण त्यांचा गुडघा वाचलेला आहे आणि तो फार मोलाचा असतो. मांडीतून पाय गेल्यास कृत्रिम पायाने चालायला कितीतरी अधिक श्रम पडतात. मेंदूकडून येणारे नियंत्रणही त्यांच्याकडे पूर्ण शाबूत आहे.

कर्णवेध

मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात आहे. ध्वनिरोधक खोलीत, हेडफोन लावून, एकेक शुद्ध स्वर ऐकवून जो आलेख निघतो, तो जवळपास सारखाच असलेल्या दोन व्यक्तींपैकी एकीला गोंगाटात समोरच्याचे बोलणे उमगते आणि दुसरीला अजिबात उमगत नाही, हे आम्हाला वारंवार दिसते. आयसीएफमध्ये यासाठीच क्षमता आणि प्रत्यक्ष कामगिरी यांची नोंद वेगवेगळी ठेवतात. तपासणीच्या ठरावीक परिस्थितीत जे जमते ती क्षमता, आणि रोजच्या परिसरात जे घडते ती कामगिरी. या दोहोंतला फरक जितका मोठा, तितका परिसर तपासून पाहण्याची गरज मोठी.

मधली_वाट

टक्केवारीबद्दल लिहितो. ती प्रामुख्याने क्षतीची असते, आयुष्यातल्या अडचणीची नव्हे. वासाची जाणीव गेल्यास क्षतीची टक्केवारी अगदी थोडी भरते, पण ती व्यक्ती आचारी असेल तर तिची उपजीविकाच धोक्यात येते. दोन क्षती असतील तर आकड्यांची सरळ बेरीजही करत नाहीत. एक ४० टक्के आणि दुसरी ३० टक्के असेल, तर बऱ्याच पद्धतींत दुसरी उरलेल्या ६० टक्क्यांवर लावतात, म्हणजे १८, आणि एकूण ५८ होतात. त्यामुळे कितीही क्षती असल्या तरी बेरीज शंभरापुढे जात नाही.

मात्र एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. परिसर सुधारला की अपंगत्व संपते, असे काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. मला स्वतःला दीर्घकाळचा सांधेदुखीचा आजार आहे. रॅम्प आणि लिफ्ट यांनी माझा वावर निश्चित सोपा केला, पण सकाळी आखडलेली बोटे आणि अंगात मुरलेला थकवा कोणत्याही इमारतीच्या रचनेने कमी होत नाही. तिथे औषधोपचारच हवेत, आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

शोधयात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

पुनर्वसनवैद्य

चालण्याचा वेग मोजायला सांगा. दहा मीटर अंतराची साधी चाचणी असते. सेकंदाला साधारण ०.८ मीटरपेक्षा वेग कमी असेल, तर घराबाहेर मोकळेपणाने वावरणे सहसा कठीण जाते. घोट्याला आधार देणारे स्प्लिंट उपयोगी पडेल का आणि पोटरीच्या ताठरपणावर उपचार हवेत का, हेही विचारा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, डावी बाजू अशक्त आहे याचा अर्थ बहुतेक वेळा मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेली असते, आणि अशा रुग्णांपैकी काहींचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. दृष्टी चांगली असूनही डावीकडून येणारे वाहन त्यांच्या ध्यानात येत नाही. कागदावर एक आडवी रेघ काढून तिचा मध्य दाखवायला सांगितला, तर असे रुग्ण बऱ्याचदा उजवीकडे सरकलेली खूण करतात. ताटातले डावीकडचे पदार्थ तसेच राहतात का, दाढी करताना डावा गाल सुटतो का, हे घरीही पाहता येईल. याची आणि दृष्टिक्षेत्राची रीतसर तपासणी होईपर्यंत त्यांना एकट्याने रस्ता ओलांडण्याचा आग्रह करू नका.